मागचं आमी पाहून घेऊ

दसाराम मिस्त्रींशी बोलायचं तर त्यांच्या मागे चालावं लागे. ते कुठल्यातरी वळणावर थांबतील या आशेवर बोलत राहायचं, आणि नाही थांबले की पुन्हा पाय उचलायचे. मी मुळात बैठा माणूस. नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलाला लागून एका शेटची लहानशी मँगनीजची खाण होती, तिच्या वर्कशॉपचं स्टोअर माझ्याकडे होतं. ही नोकरी मी पत्करली तीच मुळी बसायला मिळतं म्हणून. नटबोल्ट, पट्टे, ग्रीस मागायला लोक माझ्याकडे येत, मी कोणाकडे जात नसे. पण मिस्त्री दारात यायचे, "बाबूजी, चार सुती बोल्ट," म्हणायचे आणि मी उठून कप्प्यापर्यंत पोचायच्या आत निघून गेलेले असायचे. मग बोल्ट घेऊन मी त्यांच्या मागे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या चपलेचे दोन वेळा अंगठे तुटले, त्याचं सगळं श्रेय मी त्यांनाच देतो.

बेताची उंची, काटकुळे पाय, खाकी हाफपँट, आणि त्या पँटच्या मागच्या खिशात कायम एक पाना. लोक कंगवा ठेवतात तसा ते पाना ठेवत. चहा बशीत ओतून, बशी हातावर तोलत, वर्कशॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता जाता प्यायचे. डबाही उभ्यानंच. भाताचा एक घास तोंडात टाकून लेथपर्यंत जायचं, कान देऊन ऐकायचं, काहीतरी पुटपुटायचं आणि दुसऱ्या घासासाठी परत यायचं. त्यांचं घर साकोलीकडे, एकोडीला. बायको सगुणाबाई तिथेच धानाची शेती बघायच्या. एकदा त्या खाणीवर आल्या होत्या तेव्हा मी विचारलं, मिस्त्री घरी तरी कधी बसतात का हो?

"बसतेत ना जी," त्या म्हणाल्या, "सायकलीवर."

मिस्त्रींचं स्वतःचं म्हणणं सरळ होतं. "बंद मशीन पाह्यली का माह्या पोटात कालवते, बाबूजी. मंग मी काय करू?" आमच्या खाणीत बंद पडण्यासारखं पुष्कळ होतं. कॉम्प्रेसर जुना, लेथ त्याहून जुनी, पाणी उपसायचा पंप सगळ्यांत जुना. त्यामुळे त्यांच्या पोटात सदोदित कालवत असे आणि पाय सदोदित चालत असत.

या पायांनीच त्यांची एक मोठी इच्छा बुडवली होती. तरुणपणी त्यांना टेरिटोरियलमध्ये जायचं होतं. टेरिटोरियल म्हणजे अर्ध्या वेळची फौज. माणूस एरवी आपापल्या नोकरीत, वर्षातून एकदा काही आठवडे कॅम्पला जायचं, आणि देशाला गरज पडली की बोलावणं येईल तेव्हा निघायचं. मिस्त्री भरतीसाठी नागपूरला गेले होते. ही गोष्ट त्यांनी मला बऱ्याचदा सांगितली, आणि प्रत्येक वेळी चालता चालता.

"छाती बरोबर भरली. डोरे बरोबर. धावनीत मी पयला. मंग साहेब म्हनला, सावधान. झालो सावधान. समोर त्यायची जीप उभी होती, चालू. अना तिचा एक सिलेंडर मारतच नव्हता ना बाबूजी! फट् फट् फुस्. फट् फट् फुस्. किती टाइम आयकू मी?"

"मग?"

"मंग गेलो, बॉनेट उघडलो, प्लग पुसून बसवलो. जीप अशी मस्त चालाले लागली का साहेब म्हनला, शाबास! अना मले बाहेर काढलं. बराबर आहे त्यायचं. आपल्याले सावधान नाही जमत."

हे सांगून ते मोठ्यानं हसत. पण मला त्या हसण्याचा भरवसा वाटत नसे. आपल्याला जे जमलं नाही ते ज्यांना जमतं त्यांच्याकडे माणूस एकतर आकसानं बघतो किंवा मायेनं. मिस्त्री मायेनं बघत. आमच्या खाणीतले चार-पाच जण टेरिटोरियलमध्ये होते, आणि ते जणू मिस्त्रींच्याच पोटी जन्मले होते.

त्या काळी टेरिटोरियलमध्ये नाव घालायला कामगार बिचकत, ते गोळीला भिऊन नाही. कॅम्पहून परत यावं आणि आपल्या मशीनवर दुसराच कोणी बसलेला दिसावा, ही भीती. आजूबाजूच्या गिरण्यांत, कारखान्यांत असं झालेलं लोकांनी पाहिलं होतं. बदली म्हणून आलेला माणूस हात बसला की हलत नाही, आणि मालकालाही नवा माणूस गोड लागतो. म्हणून मिस्त्रींनी बदली माणूस घ्यायचाच नाही असं ठरवलं. गेलेल्याचं काम मागं राहिलेल्यांनी वाटून घ्यायचं. ही पद्धत त्यांनी गावाहून आणली होती.

"आमच्या एकोडीत रोवनीच्या टायमाले एखादा बिमार पडला तं त्याच्या बांध्या कोन रोवते? आमीच रोवतो. आपली झाली का त्याची. म्हनून काय त्याची बांधी आमची होते का? थो उठला का त्याची त्याले."

रोवणी म्हणजे धानाची लावणी, आणि बांधी म्हणजे धानाच्या शेतातला बांध घातलेला तुकडा. मिस्त्रींच्या लेखी लेथ ही एक बांधी होती, कॉम्प्रेसर दुसरी आणि पंप तिसरी. जुने मॅनेजर भले गृहस्थ होते, त्यांना काम झाल्याशी मतलब. त्यामुळे दर वर्षी कॅम्पची वेळ आली की मिस्त्री जाणाऱ्याला नाकाडोंगरीच्या एसटी थांब्यापर्यंत सोडायला जायचे. गाडी येईपर्यंत स्वतः रस्त्यावर येरझारा घालायचे, आणि गाडी आली की त्याच्या पाठीवर थाप मारून एकच वाक्य म्हणायचे, "जा बे. मागचं आमी पाहून घेऊ."

एकाहत्तर साली लढाईचं वारं सुटलं आणि सोमाला बोलावणं आलं. हे बोलावणं कॅम्पचं नव्हतं, परत कधी यायचं ते कोणीच सांगू शकत नव्हतं. सोमा आमचा पंपखलाशी, म्हणजे पंप चालवणारा. तलावावर मासे धरणाऱ्या घरातला पोरगा, पाण्याशी त्याचं जन्माचं जमलेलं. खाणीच्या तळाला बारमाही पाझर होता. पंपानं पाणी उपसत राहिलं तरच तळातला माल काढता येई. तो म्हातारा पंप फक्त सोमाचं ऐकतो अशी समजूत होती, आणि ती फारशी खोटी नव्हती. खाणीच्या लाइनीत, म्हणजे कामगारांच्या चाळीत, त्याला एक खोली होती. तिथे त्याची बायको रेवंता आणि दीडेक वर्षाची मुलगी. सोमाच्या नोकरीवर ती खोली, खोलीवर तो संसार.

थांब्यावर त्या दिवशी मीही होतो. रेवंता मुलीला कडेवर घेऊन उभी होती. सोमा तिच्याकडे न बघता मिस्त्रींकडेच बघत होता.

"मिस्त्री, जास्त दिवस लागले तं?"

"लागू दे ना."

"वर्ष लागलं तं?"

"अबे, तू लढाईले जाऊन राह्यला का पंपाचा हिसाब कराले? जा. मागचं आमी पाहून घेऊ."

गाडी गेली. धूळ बसायच्या आत मिस्त्री खाणीच्या वाटेला लागले होते, आणि मी मागून धापा टाकत.

आणि खरोखर, मागचं असं पाहिलं गेलं की विचारू नका. सकाळी लेथवाला येता येता पंप चालू करायचा. वेल्डर दुपारी डिझेल भरायचा. संध्याकाळचं मिस्त्रींनी स्वतःकडे ठेवलं होतं. एकदा पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरत्या दांड्याच्या सांध्यातून, पाणी गळायला लागलं तेव्हा जवळ दुसरं कोणी नव्हतं, तर मलाच ग्लँडची दोरी भरायला बसवलं. माझा शर्ट त्या दिवशी कायमचा काळा झाला. लढाई झाली, संपली, गावोगाव पेढे वाटले गेले. सोमाच्या पलटणीला मात्र सोडलं नाही. कुठल्याशा पुलावर पहारा आहे एवढंच रेवंताला कळे. उन्हाळा लागला तरी आमचा पंप बंद म्हणून पडला नव्हता. मिस्त्री या गोष्टीवर बेहद्द खूश होते. जो भेटेल त्याला सांगायचे.

नको त्यालाही त्यांनी सांगितलं. जुने मॅनेजर बदलून नवे आले होते. कडक इस्त्रीचे, हिंदी बोलणारे, आल्या आल्या 'फालतू खर्चा' शोधणारे. टेरिटोरियलवाल्यांना ते 'हाफ सोल्जर' म्हणत. एक दिवस ते राउंडवर आले आणि पंपापाशी थांबले. मिस्त्रींना राहवलं नाही.

"साहेब, ह्या पंपाचा खलाशी फौजमे है. पन एक दिन भी पंप बंद नाही पडने दिया हमने! वर्कशॉपवाल्यायनं वाटून घेतलं."

साहेबांनी पंपाकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे.

"एक दिन भी नहीं?"

"एक दिन भी नहीं!"

"तो फिर उस खलासी की ज़रूरत ही क्या है?"

मी तिथेच होतो. मिस्त्रींच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्याच्यातला जीव गेला. साहेब मात्र खरंच आनंदले होते. त्यांना हवी होती तशी एक जागा सापडली होती. चार दिवसांत बातमी आली की पंपखलाशाचं पोस्ट बंद करायचं ठरलं आहे.

त्यानंतरचे मिस्त्री बघवत नव्हते. आधी ते कामासाठी चालत, आता नुसतेच चालत. वर्कशॉपमधून पंपाकडे, तिथून ऑफिसच्या पायरीपर्यंत, पायरीवरून परत. चहाची बशी हातात तशीच गार होई. मध्येच माझ्या स्टोअरच्या दारात येत, काय मागायला आलो ते विसरत आणि निघून जात. एकदा सुट्टी टाकून नागपूरला सोमाच्या पलटणीच्या ऑफिसातही जाऊन आले. तिथल्या सुभेदारानं सांगितलं की कायदा आहे, गेलेल्या माणसाला मालकानं परत घेतलंच पाहिजे. मिस्त्री तसेच उत्साहानं साहेबांकडे गेले. साहेब शांतपणे म्हणाले, "मैं कहाँ मना कर रहा हूँ? जगह होगी तो ले लूँगा. जगह ही नहीं है." कायद्याची लढाई करायची तर सोमानं परत येऊन करायची, तोवर खोली गेलेली, संसार रस्त्यावर.

मग रेवंता आली. वर्कशॉपच्या दारात उभी राहून म्हणाली, "मिस्त्री जी, खोली खाली करा लागते म्हनतेत. खरं आहे का?"

मिस्त्रींनी हातातली गार बशी लेथवर ठेवली. ती म्हणाली, "तुमी तं म्हनले होते ना जी, मागचं पाहून घेऊ."

"पाह्यलं ना बाई," मिस्त्री म्हणाले, "जास्तच पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दारात थांबले. खिशातला पाना काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"हा ठेवा, बाबूजी. मी मांगितला तरी देऊ नोका. अना तुमचं थे स्टूल द्या."

मला काहीच उमगेना. ते स्टूल उचलून खाणीच्या काठावरच्या मोहाच्या झाडाखाली गेले, पंपाच्या समोर ठेवलं आणि त्याच्यावर बसले. वर्कशॉपचे सगळे गोळा झाले तेव्हा म्हणाले, "आजपासून आपापलं काम आपापन करा. सोमाचं काम सोमा करन." तळात काम करणाऱ्या टोळीला त्यांनी आधीच वर, कोरड्या टप्प्यावर लावलं होतं. तळाशी एकही माणूस उतरणार नाही अशी सोय केली होती. दुपारी डिझेल भरायला कोणी गेलं नाही आणि पंप बंद झाला.

चौकीदारानं मला येऊन सांगितलं की बाबूजी, मिस्त्री बसलेत. ही बातमी खाणभर पसरली. लोक काम सोडून लांबून बघून जात. पंप बंद पडला याचं नवल कमी, मिस्त्री बसले याचंच जास्त.

पण ते बसणं कसलं होतं, ते जवळून पाहिलं पाहिजे होतं. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरलेले. पाय जमिनीला रोवलेले. डोळे पंपावर. तळात काळपट पाणी हळूहळू चढत होतं, आधी दगडांच्या खाचा भरल्या, मग ट्रॉलीचे रूळ बुडाले. पंप वरच्या ओट्यावर होता, त्याला धोका नव्हता. त्याचं हँडल मिस्त्रींपासून चार पावलांवर होतं. उन्हाचा रखरखाट, अंगातून घामाच्या धारा. मी चहा नेला तर त्यांनी तो बसून प्यायला, आणि मला रडू येतं की काय असं झालं. हा माणूस कधी काळी जीपचा एक सिलेंडर ऐकवेना म्हणून फौजेला मुकला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तरातरा माझ्याकडे आले. डोळे लाल.

"पाना द्या."

"नाही मिळणार."

"बाबूजी, पानी रुळाच्या वर गेलं. माह्यानं पाहवत नाही. द्या म्हनतो ना!"

"तुम्हीच म्हणाला होता, मागितला तरी देऊ नका."

त्यांनी मला अशा शिव्या घातल्या की त्यांतली एकही इथे लिहिता येणार नाही. मी पान्यावर हात ठेवून बसून राहिलो. बसणं मला येतं, तेवढीच काय ती माझी विद्या. शेवटी ते परत जाऊन स्टुलावर बसले.

साहेब पहिल्या दिवशी बाहेरगावी होते. आले तेव्हा तळातला सगळा माल पाण्याखाली होता, आणि तुमसरला शेटच्या मालासाठी वॅगन लागायच्या होत्या. ते तावातावानं मोहाच्या झाडापाशी आले. मिस्त्री उठले नाहीत.

"पंप किसका है?"

"सोमा का, साहेब."

"सोमा कहाँ है?"

"फौजमे."

"तो तुम चलाओ!"

"साहेब, पोस्ट तुमी बंद करून राह्यले. ज्या कामाले पोस्टच नाही, थे काम मी कसा करू? पोस्ट नहीं, मतलब काम नहीं."

"इतने महीने कैसे चलाया?"

"थेच तं चुकलं," मिस्त्री म्हणाले, "आमी चलवलं, म्हनून तुमाले सोमा दिसलाच नाही. आता दिसून राह्यला का?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. नोकरीवरून काढीन म्हणाले. मिस्त्री म्हणाले, काढा. हात गुडघ्यांवर तसेच. मागे वर्कशॉपचे सगळे उभे, त्यांच्या मागे रेवंता. कोणाचाच पाय हलेना. साहेबांनी एकेकाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. शेवटी म्हणाले, "ठीक है. सोमा आएगा तो जगह उसी की रहेगी."

"मले नोका सांगू. त्यायले सांगा," मिस्त्री म्हणाले. साहेबांना ते वाक्य सगळ्यांकडे तोंड करून पुन्हा म्हणावं लागलं. ते पुरतं संपायच्या आत मिस्त्री पाना आणायला माझ्या स्टोअरकडे धावत सुटले होते.

साहेबांनी शब्द पाळला, हे त्यांच्याविषयी सांगितलं पाहिजे. सोमाचं पोस्ट राहिलं, खोली राहिली. पण त्यांनी दुसरीही एक गोष्ट केली. पंधरवड्याच्या आत दसाराम मिस्त्रींना वर्कशॉपमधून काढून माझ्या स्टोअरला लावलं. म्हणे वय झालं आहे, बसून काम करावं. हेड मिस्त्रीची जागा दुसऱ्याला दिली. मिस्त्रींची बांधी राखायला मागे कोणीच नव्हतं. ज्यांना ती राखता आली असती त्यांनी साहेबांपुढे एकदा हिंमत केली होती, दुसऱ्यांदा झाली नाही. मला आजही त्या लोकांचा आणि त्यांच्याबरोबर माझाही राग येतो.

रिटायर होईपर्यंत ते माझ्याबरोबर त्या खोलीत राहिले, आणि मला एक दिवस चैन पडू दिलं नाही. नट एका कप्प्यातून दुसऱ्यात, पट्टे या खिळ्यावरून त्या खिळ्यावर. सगळी लावालावी संपली की पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या वर्कशॉपमध्ये लेथचा आवाज बदलला की मान वर. उठायचे, दारापर्यंत जायचे, उंबरठ्यावर थांबायचे, परत यायचे. त्या उंबरठ्याशी येऊन थांबलेले पाय मी रोज बघितले. खरं सांगायचं तर चार सुती बोल्ट घेऊन त्यांच्या मागे धावणं मला परवडलं असतं.

सोमा पोळ्याच्या सुमाराला परतला. आला तसा आधी पंपाकडे गेला, मग आमच्याकडे. मिस्त्रींना स्टोअरमध्ये बघून चपापला.

"मिस्त्री, तुमी इथं काहून?"

"पाय दुखतेत बे आताशा." मिस्त्रींनी आधीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. "त्याले काही सांगू नोका. सांगतलं तं पुढच्या टायमाले त्याचा पाय निघनार नाही घरातून." पुढच्या वर्षी सोमा कॅम्पला निघाला तेव्हा मिस्त्री सवयीप्रमाणे थांब्यावर गेले, येरझारा घातल्या आणि पाठीवर थाप मारली. तेच वाक्य म्हणाले. वर्कशॉपमध्ये त्यांचं काही चालत नव्हतं, तरी सोमा निर्धास्तपणे गाडीत चढला.

रिटायर झाल्यावर मिस्त्री एकोडीला गेले, मी भंडाऱ्याला. ऐंशीच्या पुढचा तो काळ. एका उन्हाळ्याच्या अखेरीस ते सायकलीवरून पडले, पायाचं हाड मोडलं आणि माझ्या घरापासून जवळच्याच एका दवाखान्यात त्यांना आणून टाकलं. मांडीपर्यंत प्लास्टर. त्यातून बाहेर आलेली पायाची बोटं तेवढी दिवसभर हलत असत. मी रोज संध्याकाळी जाऊन बसे. आषाढ आला, एकोडीत रोवणी सुरू झाली, आणि त्यांनी नर्सबाईंना भंडावून सोडलं. "माह्या बांध्या कोन रोवून राह्यलं? चिखल झाला का? पऱ्हे उपटले का?" पऱ्हे म्हणजे धानाची रोपं.

सगुणाबाईंनी निरोप धाडला की काळजी करू नका, गावातले लोक आपली रोवणी झाली की तुमची करून राहिलेत, नाकाडोंगरीहून सोमाही आला होता. त्या दिवशी मिस्त्रींचा नागपूरचा मुलगा भेटायला आला होता. चांगला मुलगा, नोकरदार. बापानं आता शेती सोडून आपल्याकडे राहावं असं त्याला मनापासून वाटत होतं. निरोप ऐकून तो म्हणाला, "पहा बाबा. तुमी नसतानाबी रोवनी होऊनच राह्यली ना. मंग कायले जीव काढता?"

मी मिस्त्रींच्या पायाकडे बघत होतो. बोटं हलायची थांबली.

निरोप घेऊन आलेला सोमा दारात उभा होता. केसांत पांढरं आलेलं, फौज केव्हाच सुटलेली. ते ऐकून तो बाहेर गेला. मी मागून गेलो. व्हरांड्यात भिंतीला टेकून तो म्हणाला, "बाबूजी, मिस्त्री माह्यासाठी बसले होते. मले मालूम आहे."

"कधी कळलं?"

"आलो त्याच रोजी. रेवंतानं सांगतलं. मिस्त्री म्हनले पाय दुखतेत, तं मीबी म्हनलो, दुखत असतीन. दर वर्साले थे थांब्यावर येत, मी गाडीत चढो. काय बोलू?" मग डोळे पुसून म्हणाला, "मी एकोडीले जातो." आणि शेवटच्या एसटीची वाट न बघता मिळेल त्या ट्रकनं निघाला.

प्लास्टर निघालं, हातात काठी आली, आणि मुलगा, मी आणि मिस्त्री एकोडीला गेलो. गावाजवळ गाडीतून उतरलो तर सगळीकडे रोवणी उरकलेली, बांध्या हिरव्यागार. मिस्त्रींच्या वाट्याचं शेत रस्त्याला लागूनच. तेही हिरवं. फक्त रस्त्याकडची पहिली बांधी तशीच होती. चिखल करून ठेवलेला, वर बोटभर पाणी, आणि बांधावर पऱ्ह्यांच्या जुड्या ओळीनं मांडलेल्या. बांधावर सोमा आणि गावातले चार लोक बसले होते.

"हे काहून राह्यली?" मुलानं विचारलं.

सोमा उठला. मिस्त्रींकडे न बघता मुलाला म्हणाला, "आमी आपापली केली. हे मिस्त्रीची आहे. मिस्त्रीची बांधी मिस्त्री रोवतीन."

मिस्त्री काठीवर भार देऊन उभे होते. त्या रिकाम्या बांधीकडे बघत राहिले. मोहाच्या झाडाखालचं ते स्टूल त्यांना आठवलं असावं, मला तरी आठवलं. मग एकदम भडकले.

"अक्कल आहे का बे तुमाले? पऱ्हे पिवरे पडून राह्यले! इतका उशीर करतेत का? धान होईन का याले?"

"होईन थोडं कमी," सोमा म्हणाला.

मिस्त्रींनी काठी माझ्या हातात कोंबली.

"हे ठेवा, बाबूजी. मांगितली तरी देऊ नोका."

मुलगा "बाबा, बाबा" करत पुढे झाला, पण ते बांधावर टेकून घसरत चिखलात उतरलेही होते. वाकणं जमेना. मग ते सरळ चिखलातच बसले. सोमानं जुडी फेकली, ती त्यांनी झेलली, चारसहा काड्या सोडवल्या आणि चिखलात खोचल्या. पुढच्या खोचायला बसल्या बसल्याच मागे सरकले. कोणी मदतीला उतरलं नाही. मुलगा माझ्या शेजारी उभा राहून बघत होता.

मला परतीची गाडी धरायची होती. खिडकीतून मागे पाहिलं तेव्हा बांधीचा एक कोपरा हिरवा झाला होता आणि मिस्त्री चिखलात बसून, सोमाला शिव्या घालत, मागे मागे सरकत होते. काठी माझ्याच हातात राहिली होती.